सात आठवड्यांची शाळा : रानवट पिल्लू धान्याचा राखणदार कसे बनते?

मांजरी आपली पिल्ले सात घरी फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. घरे मोजायला कोणी बसलेले नसते, पण निरीक्षण खरे आहे. वैरणीच्या माळ्यावर व्यालेली भाटी काही दिवसांतच पिल्ले तोंडात धरून कडब्याच्या गंजीत नेते, तेथून शेजारच्या पडवीत, तेथून आणखी कुठे. जागेला धोका वाटला की बिऱ्हाड हलवायचे, हा तिचा नियम. या फिरतीतून मोठी झालेली काही पिल्ले माणसांच्या पायांत घोटाळू लागतात, तर काही माणूस दिसताच फिस्कारून पळतात. आई एकच, वेत एकच, मग हा फरक येतो कोठून?

खेड्यांतील शिक्षकांशी बोलताना या विषयावर दोन तक्रारी आमच्या कानांवर नेहमी येतात. पहिली अशी : "खळ्यावरचं पिल्लू धरून आणलं, दूध घातलं, पण ते काही माणसाळत नाही." दुसरी नेमकी उलटी : "आमचं मांजर मांडीवरून उतरत नाही, पण समोरून उंदीर गेला तरी बघत बसतं." पहिल्या शेतकऱ्याच्या घरी शिकारी मांजर आहे पण ते घरचे नाही, दुसऱ्याच्या घरी मांजर घरचे आहे पण ते शिकारी नाही. कणगीतले धान्य मात्र दोघांचेही कुरतडले जाते.

या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि ते पिल्लाच्या आयुष्याच्या पहिल्या दोन महिन्यांत सापडते. ते कसे समजत गेले याचा इतिहास विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी मोठा उद्बोधक आहे. त्यात पुरातत्त्वज्ञ आहेत, प्रयोगशाळेतले मानसशास्त्रज्ञ आहेत आणि शेतावर जाऊन उंदीर मोजणारे परिस्थितिशास्त्रज्ञही आहेत.

आधी एक शब्द स्पष्ट करू. आपल्या उसाच्या फडात किंवा नदीकाठच्या झाडोऱ्यात दिसणारे रानमांजर ही वेगळी जात आहे. तिचे शास्त्रीय नाव फेलिस चाउस. तिचे पिल्लू घरी आणणे बेकायदेशीर आहे, आणि या लेखात आपण तिच्याविषयी बोलत नाही. आपला विषय आहे घरमांजराच्याच जातीचे, पण माणसाच्या सहवासाशिवाय वाढलेले पिल्लू. त्याला आपण 'रानवट' म्हणू.

कोठार आणि दोन मांजरे

माणूस धान्य साठवू लागला तेव्हा त्याने नकळत उंदरांसाठी बारमाही अन्नछत्र उघडले. उंदीर आले, आणि उंदरांच्या मागोमाग मांजरे आली. इ.स. २००४ मध्ये ज्याँ-देनी विन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायप्रस बेटावरील शिलुरोकांबोस येथील एका दफनाचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे ९५०० वर्षांपूर्वी तेथे एका माणसाला पुरले होते, आणि त्याच्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटर अंतरावर एक मांजर पुरलेले होते. सायप्रसवर मांजरांची कोणतीही मूळ जात नव्हती. म्हणजे ते मांजर किंवा त्याचे पूर्वज माणसाबरोबर नावेतून समुद्र ओलांडून आले असले पाहिजेत.

आजच्या सर्व घरमांजरांचा पूर्वज फेलिस लिबिका हे रानटी मांजर आहे, हे २००७ मध्ये कार्लोस ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी ९७९ मांजरांच्या डीएनएचा अभ्यास करून दाखवले. ही जात आफ्रिका आणि पश्चिम आशियात आढळते. तिची एक उपजात आपल्या राजस्थानात आणि कच्छातही आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने या चित्रात आणखी भर घातली. खरेखुरे घरमांजर उत्तर आफ्रिकेतून युरोपात पोचले ते सुमारे २००० वर्षांपूर्वी. त्याआधीची युरोपातील जी हाडे घरमांजरांची समजली जात होती, ती तपासणीत रानटी मांजरांची निघाली.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी गोष्ट चीनमधली आहे. क्वानहूत्सुन या ठिकाणी सुमारे ५३०० वर्षांपूर्वी राळ्यासारखी भरड धान्ये पिकवणारे लोक राहत. तेथे सापडलेल्या मांजरांच्या हाडांतील कार्बन आणि नायट्रोजन यांचे विश्लेषण केल्यावर दिसले, की ही मांजरे धान्यावर पोसलेले उंदीर खात होती. प्रथम ती घरमांजरे असावीत असे वाटले. २०१६ मध्ये हाडांच्या मोजमापांवरून कळले, की ती अंगावर ठिपके असलेल्या बिबळ्या मांजराची आहेत. ही जात अगदी वेगळी. पुढे २०२५ मध्ये डीएनएच्या अभ्यासावरून असे दिसले, की ही बिबळी मांजरे सुमारे ३५०० वर्षे चिनी वस्त्यांच्या आसपास राहिली, उंदीर मारत राहिली, आणि तरीही घरची झाली नाहीत. इसवी सनाच्या सातव्या ते नवव्या शतकांच्या सुमारास पश्चिमेकडून खरे घरमांजर आले आणि घरात राहिले ते तेच.

याचा अर्थ असा, की उंदीर मारणे एवढ्याने मांजर घरचे होत नाही. त्याने माणसाला जवळ येऊ द्यावे लागते. येथे दोन संज्ञांतला फरक विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा आहे. 'माणसाळणे' ही एका प्राण्याच्या एका जन्मात घडणारी गोष्ट आहे. 'पाळीव बनणे' ही पिढ्यान्‌पिढ्या चालणारी आनुवंशिक प्रक्रिया आहे. गाय किंवा मेंढी कितीही दुर्लक्षित असली तरी वाघासारखी वागत नाही. मांजराचे तसे नाही. इतक्या हजार वर्षांनंतरही प्रत्येक वेताला नव्याने माणसाळावे लागते. ते राहून गेले, तर त्याच जातीचे, त्याच रक्ताचे पिल्लू रानवट होते.

शिकार उपजत की शिकलेली?

विसाव्या शतकाच्या आरंभी मानसशास्त्रज्ञांमध्ये सहजप्रवृत्तींवरून मोठा वाद चालू होता. पक्षी घरटे बांधतो, मांजर उंदीर मारते. या गोष्टी जन्मजात असतात असे म्हणून विषय संपवला जाई. झिंग-यांग कुओ या तरुण चिनी मानसशास्त्रज्ञाला ते मान्य नव्हते. कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असतानाच, १९२१ मध्ये, त्याने मानसशास्त्राने सहजप्रवृत्ती ही कल्पनाच सोडून द्यावी असे प्रतिपादन करणारा लेख लिहिला होता. पुढे त्याने पिल्लांवर केलेला प्रयोग १९३० मध्ये प्रसिद्ध झाला.

कुओने पिल्लांचे तीन गट केले. पहिल्या गटातील पिल्ले आईबरोबर वाढली आणि आई उंदीर मारताना त्यांना दिसत असे. दुसऱ्या गटातील पिल्ले एकटी वाढवली. तिसऱ्या गटातील पिल्ले लहानपणापासून एकेका उंदराच्या सोबतीने एकाच पिंजऱ्यात वाढवली. मग प्रत्येकासमोर उंदीर सोडून पाहिले. पहिल्या गटातील २१ पैकी १८ पिल्लांनी उंदीर मारले. एकट्या वाढलेल्या २० पैकी ९ पिल्लांनी मारले. उंदराबरोबर वाढलेल्या १८ पैकी फक्त ३ पिल्लांनी मारले, आणि तेही दुसऱ्या प्रकारचे उंदीर. आपल्या सोबत्याच्या प्रकारच्या उंदराला त्यांपैकी एकानेही हात लावला नाही. शेकडेवारीत मांडले तर हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ८६, ४५ आणि १७ असे पडते.

कुओ एवढ्यावर थांबला नाही. ज्यांनी उंदीर मारले नव्हते अशा पिल्लांना त्याने दुसरी मांजरे शिकार करताना दाखवली. एकट्या वाढलेल्या ११ 'अशिकारी' पिल्लांपैकी ९ पाहून शिकली. उंदराबरोबर वाढलेल्या १५ पैकी मात्र एकच शिकले.

विद्यार्थ्यांना हे आकडे फळ्यावर लिहून द्यावेत आणि निष्कर्ष त्यांनाच काढू द्यावा असे आम्हांला वाटते. 'शिकार रक्तात असते' असे म्हणणाऱ्याने तिसऱ्या गटाकडे पाहावे. 'सारे शिकवण्यावर असते' असे म्हणणाऱ्याने दुसऱ्या गटाकडे पाहावे, कारण कोणीही न शिकवता तेथील ९ पिल्लांनी उंदीर मारले होते. बीज जन्मतः असते, पण ते कसे आणि किती उगवेल हे भोवतालावर ठरते. गटातील संख्या लहान आहे हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे. पिल्लांना एकटे कोंडून ठेवणारा असा प्रयोग आज करायचा झाला, तर आधी नैतिकता समितीपुढे त्याचे समर्थन करावे लागेल. हाही वर्गातल्या चर्चेचा चांगला विषय आहे.

आई शिकवते म्हणजे नेमके काय करते? पिल्ले चार आठवड्यांच्या सुमारास पोचली, की ती मेलेला उंदीर आणून त्यांच्यासमोर टाकते. पुढे अर्धमेला आणते, मग जिवंत. तो निसटू लागला तर स्वतः पुन्हा पकडून देते. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी ही पायरी आपल्या ओळखीची आहे. आणि गुरू कोण याचाही परिणाम होतो. १९६९ मध्ये फिलिस चेस्लर यांनी पिल्लांना खाण्यासाठी दांडी दाबायला शिकवण्याचा प्रयोग केला. परक्या मांजरीला पाहून शिकणाऱ्या पिल्लांपेक्षा स्वतःच्या आईला पाहून शिकणारी पिल्ले लवकर शिकली. ज्यांच्यासमोर कोणीच दांडी दाबून दाखवली नाही ती शिकलीच नाहीत. वाघाला सारे शिकवून झाडावर चढणे तेवढे राखून ठेवणारी 'वाघाची मावशी' स्वतःच्या पिल्लांपासून मात्र काही राखून ठेवत नाही.

माणसाशी ओळख

शिकारीची शाळा आई चालवते. माणसाशी ओळखीची शाळा कोण चालवतो, आणि ती कधी भरते? या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील टेंपल विद्यापीठात एलीन कार्श यांनी दिले. काही पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत रोज हाताळले. काहींना सातव्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंत. काहींना मुळीच हाताळले नाही. पुढे पिल्लू माणसाकडे किती लवकर येते आणि मांडीवर किती वेळ थांबते हे मोजले. तिसऱ्या आठवड्यापासून हाताळलेली पिल्ले सर्वांत धीट निघाली. सातव्या आठवड्यानंतर सुरुवात केलेली पिल्ले मात्र न हाताळलेल्या पिल्लांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. यावरून दुसरा ते सातवा आठवडा हा मांजराचा संवेदनक्षम काळ मानला जाऊ लागला. रोज पंधरा मिनिटे हाताळण्यापेक्षा चाळीस मिनिटे हाताळल्याचा परिणाम अधिक, हेही कार्श यांना दिसले.

कुत्र्याच्या पिल्लाचा असा काळ साधारण तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत असतो. गल्लीतले दोन-अडीच महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू मुलांच्या मागे सहज येते आणि त्याच वयाचे रानवट मांजराचे पिल्लू बोचकारते, याचे एक मोठे कारण हे आहे. मांजराचे दार लवकर बंद होते.

किती माणसांनी हाताळावे? रोबर्टा कॉलर्ड यांनी १९६७ मध्ये दाखवले, की पाच माणसांनी हाताळलेली पिल्ले अनोळखी माणसाला सर्वांत कमी घाबरतात. एकाच माणसाने हाताळलेली पिल्ले त्या मानाने परक्याला अधिक बुजतात. 'सात घरी फिरवलेले' पिल्लू गावात धीट का होते, याचा धागा येथे मिळतो.

अर्थात सर्व पिल्ले सारखी नसतात. सँड्रा मॅक्यून यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन गोष्टी एकत्र तपासल्या : पिल्लाला लहानपणी हाताळले की नाही, आणि त्याचा बाप माणसांशी मनमिळाऊ होता की नाही. दोहोंचाही परिणाम दिसला. मनमिळाऊ बोक्याची पिल्ले अधिक धीट होती, आणि ती केवळ माणसाशीच नव्हे, तर समोर ठेवलेल्या अनोळखी वस्तूशीही धीटपणे वागली. बोका पिल्लांच्या संगोपनात भाग घेत नाही. म्हणजे ही धिटाई त्याने शिकवलेली नव्हती, दिलेली होती.

आता दोन्ही शाळांची वेळापत्रके शेजारी ठेवून पाहू. माणसाशी ओळख दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. शिकारीचे धडे चौथ्या आठवड्यापासून पुढे, पिल्लू आईजवळ असेपर्यंत. दोन्ही शाळा जवळजवळ एकाच वेळी भरतात आणि दोघांचे शिक्षक निराळे आहेत. पिल्लू चौथ्याच आठवड्यात आईपासून तोडून घरात आणले, तर ते लळा लावते, पण त्याची गुरू हरवते. तीन महिने आईबरोबर गंजीत राहू दिले, तर ते शिकारी होते, पण माणसाचे दार त्याच्यापुरते बंद झालेले असते. सुरुवातीच्या दोन तक्रारी म्हणजे याच कोंडीच्या दोन बाजू आहेत.

उपाशी मांजर चांगले मारते का?

मांजर मिळाले तरी त्याला ठेवावे कसे, याविषयीही एक जुनी समजूत आहे. पोट भरलेले मांजर उंदीर मारत नाही, म्हणून त्याला उपाशी ठेवावे. १८६८ मध्ये लंडनच्या टपाल खात्याच्या मनिऑर्डर कचेरीत उंदरांनी कागद कुरतडण्याचा उपद्रव मांडला, तेव्हा तीन मांजरे ठेवायला मंजुरी मिळाली. मागितले होते आठवड्याला दोन शिलिंग, मंजूर झाला एक. उरलेले पोट मांजरांनी उंदरांवर भरावे, असा हिशेब त्यामागे होता.

आपल्याकडे मांजरांचा प्रश्न कागदांपुरता नव्हता, जिवाचा होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि देशभर पसरली. उंदरांच्या अंगावरील पिसवा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले. परळ येथे १९०५ पासून झालेल्या संशोधनाने ते पक्के झाले. वऱ्हाड-मध्यप्रांतात काम करणारे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन, यांनी यावरून एक साधा विचार केला. उंदीर कमी तर प्लेग कमी, मांजरे जास्त तर उंदीर कमी. त्यांनी खेड्यांतील घरे आणि मांजरे मोजली आणि ज्या गावांत मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, असा निष्कर्ष १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला.

घरोघर जाऊन मोजण्याची ही वृत्ती कौतुकास्पद आहे. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे शिकवण्यासाठी याहून जवळचे उदाहरण क्वचित मिळेल. शिवाय मांजराला स्वतःला प्लेग होतो आणि ते माणसाला तो देऊ शकते, हे आज अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून पक्के माहीत आहे. साथीच्या काळात मांजर हे ढालीसारखे वापरता येत नाही.

मग शेतावर मांजराचा उपयोग नेमका किती? याचे उत्तर ऑक्सफर्डचे परिस्थितिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी शोधले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला बरेचसे अन्न समुद्रमार्गे आणावे लागे आणि जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या. साठवलेला दाणा उंदरांपासून वाचवणे हा युद्धाचाच भाग बनला. एल्टन यांच्या संस्थेने त्या काळात उंदीर-नियंत्रणाच्या कामाला वाहून घेतले. शेतांवरील मांजरांविषयीची त्यांची निरीक्षणे १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्यांचे निष्कर्ष तीन ओळींत सांगता येतात. उंदरांनी आधीच ठाण मांडलेले शेतघर मांजरे साफ करू शकत नाहीत. मात्र विषाने किंवा इतर उपायांनी उंदीर एकदा काढून टाकले, तर मांजरे ती जागा उंदीरमुक्त ठेवू शकतात, कारण बाहेरून नव्याने येणारे उंदीर ती टिपतात. आणि त्यासाठी मांजरांना रोज घरचे दूध घालावे लागते. दूध मिळाले की ती इमारतींजवळ, साधारण ५० यार्डांच्या टापूत, राहतात. उपाशी मांजर अधिक उंदीर मारत नाही, ते पोटासाठी दूर निघून जाते.

मारणे आणि खाणे या मांजराच्या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, हे प्रयोगशाळेतही दिसले. रॉबर्ट अ‍ॅडमेक यांनी १९७६ मध्ये खाणे चालू असलेल्या मांजरांसमोर जिवंत उंदीर सोडला. आवडते खाणे अर्धवट टाकून त्यांनी आधी उंदीर मारला आणि मग पुन्हा खाण्याकडे वळली.

मांजराच्या ताकदीची मर्यादाही ओळखावी. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जेम्स चाइल्ड्स यांनी १९८६ मध्ये दाखवले, की मांजरे मुख्यतः २०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे उंदीर मारतात आणि मोठ्या उंदरांना टाळतात. न्यूयॉर्कमधील कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका केंद्रात ७९ दिवस कॅमेरे लावले, तेव्हा रानवट मांजरांनी केवळ २ उंदीर मारलेले दिसले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. किलोभर वजनापर्यंत वाढणाऱ्या घुशीसमोर आपले मांजर मागे सरते, यात त्याचा भित्रेपणा नाही, शहाणपण आहे. मांजराचे खरे काम घरउंदीर आणि उंदरांची पिल्ले यांच्यावर नजर ठेवण्याचे आहे.

शेतकऱ्याने करायचे काय?

या सर्वांतून जो मार्ग निघतो तो पिल्लू पकडण्यापासून सुरू होत नाही, भाटीला खाऊ घालण्यापासून सुरू होतो. गोठ्याजवळ किंवा कणगीजवळ ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी तिला रोज थोडे खाणे ठेवावे. ती जागा सुरक्षित वाटली तर ती तेथेच आसपास विते. पिल्ले तीन आठवड्यांची झाली, चालू लागली, की आई सहन करील तितका वेळ घरातील दोन-तीन जाणत्या माणसांनी रोज त्यांना हाताळावे. सुरुवातीला पाच मिनिटे पुरेत. पिल्ले आईजवळच राहू द्यावीत, निदान आठ-दहा आठवड्यांपर्यंत. म्हणजे दोन्ही शाळा एकाच अंगणात भरतात. नीट पाहिले तर पहिल्या शेतकऱ्यांच्या कोठारांजवळ घडले ते हेच असावे. तेथे उंदीर होते म्हणून आई आली, आणि आई आली म्हणून पिल्ले माणसांच्या नजरेत वाढली.

आई नसलेले सहा-सात आठवड्यांचे रानवट पिल्लू हाती आले, तर त्याला लहान, शांत खोलीत ठेवावे. खाणे माणसाच्या हातूनच मिळेल असे पाहावे. घाई न करता रोज जवळ बसावे. तीन महिन्यांपलीकडच्या पिल्लाला मांडीवर घेण्याचा हट्ट सोडावा. त्याला तीन-चार आठवडे गोठ्यातील बंद जागेत खाऊ घालून जागेची सवय लावावी आणि मग मोकळे सोडावे. ते हाताला येणार नाही, पण राखण करील. शेताला लागणारे मांजर मांडीवरचेच असले पाहिजे असे नाही.

काही सावधगिरीच्या गोष्टी मुलांना आवर्जून सांगायला हव्यात. रानवट पिल्लू उघड्या हाताने कधीही पकडू नये. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब दवाखान्यात जावे, कारण मांजरापासूनही रेबीज होतो. मांजराला रेबीजची लस टोचून घ्यावी आणि वेळेवर शस्त्रक्रिया करून घ्यावी. नाहीतर एका भाटीची दोन वर्षांत फौज होते, आणि ती फौज गोठा सोडून रानात जाते. तेथे ती पक्षी, सरडे मारते आणि आपल्या रानटी नातेवाइकांशी संकरही करते. एल्टन यांची 'आधी साफ करा, मग मांजर ठेवा' ही शिफारस पाळताना विषारी आमिष आणि मांजर एकाच वेळी ठेवू नये. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजर मरते. आणि कणगीला नीट झाकण नसेल, भिंतीला बिळे असतील, तर मांजरावर सारा भार टाकण्यात अर्थ नाही.

वर्गासाठी एक काम

आठवी-नववीच्या मुलांना एक साधी पाहणी देता येईल. प्रत्येकाने आपल्या वस्तीतील पाच मांजरांची माहिती जमवायची. मांजर किती आठवड्यांचे असताना घरी आले? तोवर ते आईबरोबर होते का, आणि आई उंदीर मारत असे का? ते अनोळखी माणसाजवळ येते का? ते उंदीर मारते का? तीस मुलांच्या वर्गात दीडशे मांजरांची नोंद होईल. एकच मांजर दोघांनी मोजू नये म्हणून वस्ती आधी वाटून घ्यावी. मग मुलांना तक्ता करू द्यावा : सात आठवड्यांच्या आत आलेली आणि नंतर आलेली, शिकारी आईची आणि इतर. कुओ आणि कार्श यांनी जे प्रयोगशाळेत पाहिले ते आपल्या गावात दिसते का, हे त्यांनीच ठरवावे.

उत्तरे पुस्तकाप्रमाणे येतीलच असे नाही. कोणाच्या घरी चार महिन्यांचे आणलेले मांजर आजीच्या पायाशी झोपत असेल, आणि एखादे आईविना वाढलेले पिल्लू पक्के शिकारी निघाले असेल. अशा मांजरांना तक्त्यातून वगळू नका. त्यांचा बाप कोण होता, त्यांना कोणी आणि किती वेळ हाताळले, याची चौकशी मुलांना करायला सांगा. तुमच्या वर्गाचा तक्ता तयार झाला की आमच्याकडे जरूर पाठवा.